अभिनंदनाचा बोर्ड

९ जुलै, बुधवार

आज कॉलेजच्या पंचशीला मॅडम तरोडा नाक्यावरच्या आपल्या दुकानात स्वतः आल्या. व्यंकट पेंटरशिवाय हे काम होणार नाही म्हणाल्या. नेमके शब्द "पेंटर आहेत का?" एवढेच होते, पण बोलण्याचा रोख तोच.

काम असं. कॉलेजातल्या मुलींना एच.पी.व्ही.ची लस द्यायची आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून ती असते. एका संस्थेनं लस दिली आहे, डॉक्टर येणार आहेत. मागच्या वर्षीही शिबिर ठेवलं होतं, पण डॉक्टर दिवसभर बसून राहिल्या आणि मुली आल्या त्या बोटावर मोजण्याइतक्या. मी विचारलं, "मागच्या वर्षी बोर्ड कुणी केला होता?" मॅडम म्हणाल्या, "बोर्ड नव्हता, नोटीस लावली होती." मी नुसता हसलो. नोटिशीवर माणूस येतो का?

आमची विशाखा त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मॅडमच्या हाताखाली राष्ट्रीय सेवा योजनेचं काम करते. तिनंच माझं नाव सुचवलं म्हणे. पोरीला पारख आहे.

मी नववी नापास. अक्षर मला कुणी शिकवलं नाही. हदगावच्या स्टँडवर बसून गाड्यांच्या पाट्या पाहून पाहून हवेत बोटानं गिरवलं. पुढं ब्रश गेले, फ्लेक्स आलं, तेव्हा नांदेडातले निम्मे पेंटर घरी बसले. मी कॉम्प्युटरही तसाच शिकलो, बघून बघून. हे कुणाला सांगत नाही. इथं लिहायला हरकत नाही.

११ जुलै, शुक्रवार

डॉक्टरांची पुस्तिका दोनदा वाचली. न समजता मी अक्षर काढत नाही. हा विषाणू संबंधातून येतो, कितीतरी जणांना केव्हा ना केव्हा शिवून जातो. बहुतेकांचा आपोआप जातो, पण काही बायकांच्या अंगात मुक्काम करतो आणि कैक वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. लस त्याला दारातच अडवते, म्हणून लग्नाआधी घेतलेली उत्तम. कॉलेजच्या वयाला तीन डोस. एक आत्ता, एक दोन महिन्यांनी, एक सहा महिन्यांनी. तिन्ही झाले पाहिजेत.

कॉलेजनं दिलेल्या मजकुराच्या कागदावर दहा ठिकाणी नुसतं "गर्भाशय" लिहून आलं होतं. मी डॉक्टरांना फोन करून "गर्भाशयमुख" करून घेतलं. चुकीच्या जागेचा बोर्ड लावायचा म्हणजे नांदेडच्या गाडीला लातूरची पाटी लावल्यासारखं.

१४ जुलै, सोमवार

शिबिराचा बोर्ड तयार. घरी हिला दाखवला. नीलाबाईला वाचायला वेळ लागतो, पण वाचते पूर्ण. वाचून झाल्यावर म्हणाली, "अवं, म्हणजे अंगावरून जातं तोच का हा आजार?"

मी म्हणालो, "रंग कसा वाटला ते सांग."

"रंग बेस हाय," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

१९ जुलै, शनिवार

शिबिर झालं. मी सकाळपासून हजर होतो, बोर्डाची दोरी ढिली पडू नये म्हणून. मागच्या वर्षीपेक्षा मुली जास्त आल्या, पण हॉल भरला नाही. विशाखानं पहिली घेतली. तिच्या मागं तिची मैत्रीण राजकन्या. लोहा तालुक्यातल्या अर्जुनरावांची मुलगी, कॉलेजच्या होस्टेलवर राहते, आमच्याकडं जेवायला येते, मला काका म्हणते. तिची औशाला सोयरीक झालेली आहे, सुपारी फुटली मागच्याच महिन्यात. सुई घेताना तिचे डोळे मिटलेले आणि तोंडानं विशाखाला शिव्या चालू. मी सगळ्यांचे फोटो काढले. "जरा हसा," म्हणालो. हसल्या. चांगले आले.

२१ जुलै, सोमवार

आज एक कल्पना सुचली. कॉलेजातल्या कुणालाच सुचली नाही.

आपल्याकडं पोरगं डॉक्टरीला लागलं की चौकात बोर्ड लागतो. पोलिसात भरती झालं की लागतो. पुढाऱ्याच्या पुतण्याला दात आले तरी लागतो. मग ज्या मुलींनी धीटपणे सुई घेतली त्यांचा का लागू नये? एकीचा फोटो लागला की दुसरीला वाटतं माझाही लागावा. नांदेड काय, लातूर काय, सगळा मराठवाडा या एका गोष्टीवर चालतो. बोर्ड माझ्या खर्चानं. मॅडमला आधी सांगणार नाही, लागल्यावरच पाहू दे.

२३ जुलै, बुधवार

बोर्ड नाक्यावर लागला. माझ्या हयातीतलं हे पहिल्या पाचातलं काम आहे.

वर पिवळ्यात "हार्दिक अभिनंदन". मध्ये लाल रंगात, सगळ्यात मोठा, एकच शब्द: "कर्करोग". त्याच्याखाली बारीक पांढऱ्यात "होऊच नये म्हणून लस घेणाऱ्या आमच्या लेकी". मग बारा मुलींचे फोटो, नाव आणि गाव. भोवती झेंडूच्या माळांची किनार.

एक शब्द मोठा का, हे नव्या पोरांना कळत नाही. बोर्ड वाचायला बस थांबत नसते. चालत्या बसमधल्या माणसाची मान ज्या शब्दावर वळते तोच खरा बोर्ड, बाकी सगळी नक्षी. मी स्वतः रिक्षात बसून नाक्यावरून दोनदा गेलो. मान वळते.

२६ जुलै, शनिवार

बोर्डाची चर्चा सगळीकडं आहे. पानपट्टीवाला म्हणाला, "लई वाईट झालं हो, एवढ्या लहान वयात." मला वाटलं तो दुसऱ्या कशाबद्दल बोलतोय.

दुपारी लोह्याकडून एक म्हातारी रडत होस्टेलला आली. राजकन्याची आत्या, विठाबाई. एस.टी.तून नाक्यावर तिला भाचीचा फोटो दिसला, झेंडूच्या माळेत. मोठा शब्द तिनं शेजारच्या माणसाला विचारला. राजकन्या जिन्यावरून पळत खाली आली, तेव्हा म्हातारीनं तिला हातानं चाचपून पाहिली, असं विशाखा सांगते. सांगताना विशाखा हसली नाही.

लोकांना पूर्ण वाचायची सवय नाही, त्याला पेंटर काय करणार?

२८ जुलै, सोमवार

राजकन्या आणि विशाखा दुकानात आल्या. मी स्टूल पुढं केलं. बसल्या नाहीत.

राजकन्या म्हणाली, "काका, नाक्यावरचा फोटो तुम्ही काढला व्हता नं?"

"हाव. बघ किती स्वच्छ आलाय. टिकलीसुद्धा दिसते."

"मला इचारलं व्हतं का?"

मी खरंच गोंधळलो. म्हणालो, "बाई, अभिनंदन करताना कुणी विचारतं का?"

"अन् आता औशाहून फोन येऊन राहिलेत त्याचं काय? कुणीतरी बोर्डाचा फोटो तिकडं पाठवला. सासूबाई इचारतात, पोरीला कसला रोग हाय? दुसरी बाई म्हणती, रोग नसल तर लग्नाआधीच कशापायी सुई घेतली? माझ्या बापाला काय सांगू मी?"

"सगळं लिहिलंय की खाली. होऊच नये म्हणून, असं स्पष्ट…"

"पप्पा," विशाखा म्हणाली, "ते वाचायला बस थांबत नसते. तुम्हीच सांगता."

माझं वाक्य मलाच ऐकवलं. पोरी गेल्या. जाताना राजकन्या दारात थांबली. "मुलगा चांगला हाय हो काका. मला पसंत हाय," एवढं म्हणाली.

संध्याकाळी बोर्ड उतरवून आणला. वाऱ्यानं एक दोरी ढिली झाली होती.

३० जुलै, बुधवार

अर्जुनराव आले. धोतर, टोपी, हातात छत्री. मी चहा सांगितला. त्यांनी चहावाल्याला हातानंच परत पाठवला.

"पेंटर, पोरगी माझी, तोंड माझ्या पोरीचं, अन् चौकात टांगलं तुमी."

"अहो, अभिनंदन…"

"अभिनंदन गेलं चुलीत! मी पाच एकर रानात राबून पोरीला शिकवून राहिलो, तेव्हा कुणी बोर्ड लावला न्हाई. आता सोयरे इचारतात, पोरीत काय खोट हाय ते आधीच सांगा. आमच्या खानदानात अशी बेइज्जती कुणी पाहिली न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोयरीक मोडली तर पोरगी घरी बसणार. कॉलेज बस झालं. अन् ती दुसरी सुई-बिई काही न्हाई, सांगून ठेवतो."

एवढं बोलून ते स्टुलावर बसले. उठून निघाले तेव्हा छत्री तिथंच विसरले, मागं जाऊन मी दिली. मला ते जास्त अवघड गेलं.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "जाऊन येऊ औशाला. अर्जुनरावांनाबी घ्या संगं."

"मी जातो. बोर्ड नेतो. पूर्ण वाचून दाखवला की गैरसमज राहणार नाही. तुझं काय काम तिथं?"

"तुमाला सोबत," म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार

आजचं सविस्तर लिहितो.

सकाळच्या गाडीनं निघालो. मी, ही आणि खांद्यावर बोर्डाची गुंडाळी. लोह्याला अर्जुनराव चढले. आमच्याशी बोलले नाहीत, पण जागा माझ्या शेजारचीच धरली. अहमदपूरला चहा दिला तो घेतला. लातूरला गाडी बदलताना म्हणाले, "आणा ते गुंडाळं, खांदा दुखल तुमचा." मी दिलं नाही. वाकलं की घडी पडते, आणि घडी फोटोवर पडली की माणसाचं नाक वाकडं दिसतं.

औशाला मोंढ्याच्या मागं त्यांचं घर. मुलाची आई धुरपताबाई, नवरा मागंच वारलेला, शेती स्वतः पाहतात. मुलगा शिवशंकर लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, आज सुट्टी म्हणून घरी. एक चुलते बोलणीसाठी येऊन बसलेले.

पाणी आलं. सगळ्यांनी घेतलं. धुरपताबाई म्हणाल्या, "बोला काय बोलायचं ते. मला म्हशीची धार काढायची हाय."

मी उठलो आणि अंगणात बोर्ड अंथरला. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. "बाई, तुम्ही अर्धाच बोर्ड पाहिला. पूर्ण वाचा, मग बोला."

"मला वाचता येत न्हाई."

"मी वाचतो."

वाचला. वरपासून खालपर्यंत, नावं आणि गावंही. मध्ये एक कोंबडी "हार्दिक"वरून चालत गेली, तिला हाकललं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"संपलं?" धुरपताबाई म्हणाल्या.

"संपलं."

"आता माझं ऐका पेंटरसाहेब. पोरीला रोग न्हाई, मानलं. पण लगीन व्हायच्या आधी बाईच्या त्या जागंची सुई कशाला? अन् घेतली तर घेतली, ती काय नाक्यावर लावायची गोष्ट हाय? उद्या ही पोरगी माझ्या घरात आली की गल्लीतल्या बाया पाण्याला जाता-येता मला काय इचारतील?"

मी सांगू लागलो, "पुस्तिकेत असं दिलंय की विषाणूचा संसर्ग…"

"पुस्तक ठेवा तिकडं."

शिवशंकर दारातून म्हणाला, "आई, मी मोबाईलवर सगळं पाहिलंय. चांगली सुई हाय ती. मला काही अडचण…"

"तू गप. तुला अजून मुंडावळ्या बांधायच्यात, आत्तापासून बोलून राहिला!"

अर्जुनराव जमिनीकडं पाहत होते. छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत होते.

तेवढ्यात ही उठली. "ताई, जरा आत पाणी मिळल का?"

पाणी तर आत्ताच दिलं होतं. हिनं अख्खा तांब्या रिकामा केला होता. बायकांना बोलणीची वेळ कळत नाही. पण धुरपताबाई उठल्या आणि दोघी आत गेल्या.

त्या बराच वेळ आत राहिल्या. मी तो वेळ वाया घालवला नाही. चुलत्यांना आणि शिवशंकरला बोर्डाचा एकेक भाग समजावून दिला. शेजारचे चार-पाच जण कुंपणापाशी आले, त्यांनीही वाचला. अक्षराचं सगळ्यांनी नाव काढलं. चुलत्यांनी तर त्यांच्या सोसायटीचा बोर्ड करून देता का म्हणून विचारलं. आतून एकदा कुणीतरी हुंदका दिल्यासारखं वाटलं, पण म्हैस जवळच बांधलेली होती.

दोघी बाहेर आल्या. धुरपताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. हिचे डोळे लाल होते. कांदा चिरला असावा. पुढं जेवायला बसलो तेव्हा ताटात कांदा नव्हता, हे लिहून ठेवतो.

धुरपताबाई अर्जुनरावांसमोर उभ्या राहिल्या. "दाजी, सुपारी फुटली ती फुटली. पोरगी आमची. कॉलेज पुरं करू द्या तिला. अन् तिची पुढची सुई राहिली तर मी तुमच्या दारात येऊन बसंल, सांगून ठेवते."

अर्जुनरावांनी टोपी काढली, परत घातली.

"अन् पेंटरसाहेब, ही चादर उचला आता. कोंबड्यांनी घाण केली."

परतीच्या गाडीत मी हिला म्हणालो, "पाहिलंस? पूर्ण वाचला की गैरसमज जातो."

ही खिडकीतून बाहेर पाहत होती. "हाव," म्हणाली.

४ ऑगस्ट, सोमवार

बोर्ड धुऊन वाळवला. ठेवून देणार. असा बोर्ड पुन्हा होणे नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पंचशीला मॅडमनी बोलावलं होतं. नाक्यावरच्या बोर्डावरून दोन शब्द बोलल्या. ते लिहीत नाही. होस्टेलच्या बऱ्याच मुली आता दुसरा डोस नको म्हणतात. घरून फोन येतात, फोटो लागेल म्हणून घाबरतात. विशाखा आणि राजकन्या खोल्याखोल्यांतून फिरून राहिल्या आहेत. मी म्हणालो, नवीन बोर्ड देतो. मॅडम म्हणाल्या, "फोटो नको. आणि आधी मला दाखवायचा." मी म्हणालो, "बरं." आयुष्यात कुणाला आधी दाखवलं नव्हतं.

घरी मजकुराचा विचार करत बसलो होतो. ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लिहा की, पोरींनो, आईला सांगून या. आईलाबी घेऊन या."

"आईचं काय काम? लस मुलींना आहे."

"नका लिहू मग."

इतर काही सुचेना म्हणून तेच लिहिलं. सगळी अक्षरं एका मापाची केली. हातानं रंगवला, ब्रशनं, किती वर्षांनी. हात अजून थरथरत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हिचा फोन हल्ली सारखा चालू असतो. कुणाशी बोलतेस विचारलं तर म्हणते, "औशाला." दुपारी घरी नसते. कुठं होतीस विचारलं तर म्हणते, "विशाखाच्या कॉलेजकडं." भाजी मात्र वेळेवर असते, म्हणून जास्त विचारलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

दुसऱ्या डोसचा दिवस. काय सांगू! रांग हॉलबाहेर, व्हरांड्यातून, थेट गेटापर्यंत. पहिला डोस घेतलेल्या जवळजवळ सगळ्या आल्या आणि नव्या तर त्याहून जास्त. मुलींबरोबर आया. लुगड्यातल्या, साडीतल्या, बुरख्यातल्या, हदगावच्या, भोकरच्या, डब्यात भाकरी बांधून आलेल्या. डॉक्टरांनी लस कमी पडते की काय म्हणून फोन लावला. बोर्डाची ताकद ही अशी असते. गेटवर परवानगी मिळाली नाही म्हणून तो पार्किंगच्या मागच्या भिंतीला लावावा लागला होता, तरी हा परिणाम.

हे दुपारपर्यंतचं. पुढचं लिहू की नको याचा विचार केला. लिहितो. दैनंदिनीत खोटं लिहायचं असेल तर मग वर्तमानपत्र काय वाईट.

दुपारी हिला जेवायला बोलवायला गेलो. कुणी सांगितलं, वाचनालयात आहे. दाराशी पोचलो आणि हिचा आवाज ऐकू आला. आत मुली आणि त्यांच्या आया खाली सतरंजीवर बसलेल्या, आणि ही बोलत होती. माझ्यासमोर सलग दोन वाक्यं न बोलणारी बाई.

"माझी थोरली बहीण, कस्तुराबाई," ही म्हणत होती. "अंगावरून लाल जायचं तिला. पाळी गेली व्हती, तरी जायचं. नवऱ्याला सांगितलं न्हाई, सासूला न्हाई. मला सांगितलं, अन् माझ्या गळ्याची शपथ घातली. तिची कापडं मी न्हेऊन धुवायची, नदीला, लोक यायच्या आधी. दीड वर्ष धुतली मी. शपथ पाळली. नांदेडला आणली तवा डॉक्टर म्हणाले, बाई, एवढे दिवस कुठं व्हता? ती मेली, अन् माझी शपथ राहिली. आता मी सगळ्यांला सांगत फिरून राहिले. पोरींनो, आईपासून काही लपवू नका. अन् आयांनो, तुमाला काही होत असल तर पोरीला सांगा."

एक म्हातारी पुढं सरकली आणि हिचा हात धरून बसली.

मी आत गेलो नाही.

कस्तुराबाई गेली तेव्हा आम्हीही तिच्याच गावी राहायचो. श्रद्धांजलीचा बोर्ड मीच केला होता. पोटाचं दुखणं, एवढंच मला सांगितलेलं. "अल्पशा आजाराने दुःखद निधन." सगळे तसंच लिहितात, मीही लिहिलं. अक्षर फार सुंदर आलं होतं. दहाव्याला आलेल्या प्रत्येक माणसानं अक्षराचं नाव काढलं.

दीड वर्ष. अल्पशा.

२१ सप्टेंबर, रविवार

औशाला आत काय बोलणं झालं होतं, ते मी हिला आज विचारलं नाही. चहा मीच केला. साखर जास्त झाली. ही म्हणाली, "बेस झालाय."

२३ सप्टेंबर, मंगळवार

पंचशीला मॅडम दुकानावरून जाताना थांबल्या. म्हणाल्या, जिल्ह्यातली आणखी दोन कॉलेजं असंच शिबिर ठेवणार आहेत, "त्यांनाही पाहिजेत." मी म्हणालो, "बोर्ड ना? देतो." मॅडम म्हणाल्या, "नीलाताई पाहिजेत." मग हसून म्हणाल्या, "बोर्डही द्या."

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण संध्याकाळी भावाला फोन करून सांगितलं की नीलाबाईला दोन कॉलेजातून बोलावणं आहे, तेव्हा आवाज जरा मोठाच लागला. शेजारच्यांनीही ऐकलं असेल. ऐकू दे.

४ डिसेंबर, गुरुवार

राजकन्याचं लग्न लागलं. कमानीचा बोर्ड माझा. अर्जुनराव सांगायला आले होते तेव्हा म्हणाले, "पोरगी म्हणती, काकाच करतील, पण छापायच्या आधी मी पाहीन." दाखवला. तिनं मोबाईलवर मोठा करून करून पाहिला, स्वतःचा फोटो बदलायला लावला, नवऱ्याचा तोच ठेवला. म्हणाली, "माझा माझ्या पसंतीचा, त्याचा तुमच्या पसंतीचा." लबाड आहे पोरगी. परीक्षेला सासरहून येणार आहे, बोलणं पक्कं झालंय.

जेवणात वांग्याची भाजी उत्तम. कमान सरळ उभी होती, हे मी तीन बाजूंनी पाहिलं.

२४ जानेवारी, शनिवार

तिसऱ्या डोसची वेळ झाली. राजकन्या आता औशाला, म्हणून तिचा डोस लातूरच्या एका कॉलेजातल्या शिबिरात ठरला. तीच लस तिथंही आहे, डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलं. धुरपताबाईंनी हिला फोन करून बोलावलं, "तुमी आल्याबिगर जमायचं न्हाई." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.

धुरपताबाई एकट्या सुनेला घेऊन आल्या नव्हत्या. गल्लीतल्या पाच पोरी आणि त्यांच्या आया, काक्या, एक जीप भरून. उतरल्या उतरल्या हुकूम सुरू. "पोरी रांगंत. बाया सावलीत. पेंटरसाहेब, तुमी पिशव्यांजवळ."

राजकन्याला सुई दिली तेव्हा सासू तिच्या शेजारी उभी. सुनेनं डोळे मिटले आणि सासूचा हात असा आवळला की बांगड्या वाजल्या.

"झाल्या? तिन्ही झाल्या?" धुरपताबाईंनी विचारलं.

"झाल्या आजी," डॉक्टर म्हणाल्या.

"आजी व्हायची हाय मी अजून! लगीन होऊन दोन महिने न्हाई झाले तं गल्ली पाळण्याचं इचारून राहिली. मी सांगितलं, पहिले सुई, मग पाळणा. घाई असंल तर तुमीच हलवा." सगळ्या हसल्या. राजकन्या लाजून भिंतीकडं वळली.

मग धुरपताबाई म्हणाल्या, "पोरींचं झालं. आमाला न्हाई का सुई?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या वयाला ही लस नसते. तुमची तपासणी करायची. शेजारच्या खोलीत सोय आहे, थोडाच वेळ लागतो, लगेच सांगतो काय ते. चला, कोण येतं?"

आणि सगळं गार पडलं. एक बाई चपलेचा पट्टा पाहू लागली, दुसरीला पोराची आठवण झाली. ज्या बाईनं अर्जुनरावांना दारात येऊन बसायची धमकी दिली होती, त्या धुरपताबाई डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "मला म्हशीची येळ झाली."

तेव्हा नीला उठली. हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "धरा जरा," म्हणाली. मग धुरपताबाईंकडं पाहून, "ताई, मी पहिले जाते. बाहेर येऊन सांगते कसं असतं. मग तुमी."

एवढ्या बायकांसमोरून ती सरळ चालत गेली आणि दार लागलं.

त्या दारावर पाटी होती. मी समोरच्या बाकावर बसून सगळा वेळ त्या पाटीकडंच पाहत होतो. आता लिहायला बसलो तर तिच्यावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही. अक्षर कसं होतं, रंग कोणता होता, काही आठवत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात असं झालेलं नाही.

दार उघडलं. ही बाहेर आली, पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं. "काही न्हाई म्हणाल्या. सगळं चांगलं हाय. पुन्हा काही वर्षांनी दाखवा म्हणाल्या." मग बायकांकडं वळून म्हणाली, "दुखत न्हाई ग. लाज वाटती, तेवढी वाटती. चला ताई."

धुरपताबाई गेल्या. त्यांच्या मागं दुसरी. मग तर दारापुढं रांग लागली, "मी आधी, मी आधी," म्हणून दोघी भांडल्या.

बाकावर माझ्या शेजारी औशाचाच एक माणूस बसला होता, जीपबरोबर आलेला. तंबाखू मळता मळता त्यानं विचारलं, "तुमच्या घरचं कोण हाय यात?"

मी पिशवी मांडीवर नीट घेतली आणि ताठ बसलो.

"त्या," मी म्हणालो. "पहिल्या गेल्या त्या."